वार्ता फार, सुवार्ता थोडी

रविवारची उपासना आशीर्वचनाने संपते, असे पुस्तकात लिहिले आहे. प्रत्यक्षात ती फोटोने संपते.

पाळकसाहेब मधे. पाहुणे उजवीकडे, खजिनदार डावीकडे, कमिटी पुढच्या खुर्च्यांवर. महिला मंडळ मागे. मागे का? चहा त्यांच्याकडे होता. चहा करणारा माणूस फोटोला कायम उशिराच पोहोचतो.

घरी जाऊन ताटावर बसेपर्यंत फोटो चार ग्रुपांवर फिरलेला असतो. खाली एक ओळ : ‘आशीर्वादित सभा पार पडली.’ सभेत कोण काय बोलले? ऐकून कोणाच्या मनात काय हलले? हे विचारायचे नसते. आशीर्वादित होती म्हटले ना!

सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, हे आमच्याकडून शब्बाथशाळेत घोकून घेतले होते. मग आमच्या मंडळ्यांच्या बातम्या इतक्या वाईट का? वाईट म्हणजे दुःखाच्या नव्हेत. नुसत्याच वाईट.

नमुना बघा. अमुक मंडळीचा वर्धापनदिन उत्साहात. अध्यक्षस्थानी अमुक, प्रमुख पाहुणे तमुक. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. प्रास्ताविक याने केले, सूत्रसंचालन त्याने, आभार तिसऱ्याने. शेवटी ‘भाविक बहुसंख्येने उपस्थित होते’. यातला ‘मंडळी’ शब्द काढा आणि ‘पतसंस्था’ घाला. काही बिघडते?

त्या श्रीफळाची तर मला गंमत वाटते. शेजाऱ्याने प्रसादाचे खोबरे हातावर ठेवले की आमचा विश्वास डळमळतो. तोच नारळ स्टेजवर मिळाला की सत्कार.

हे मी लिहितोय मेढ्यातून. जावळी तालुक्याचे ठिकाण, वेण्णेच्या काठी. खाली सातारा, वर महाबळेश्वर, डोंगरापलीकडे वाई आणि पाचगणी. मिशनच्या इतिहासात ही चारही नावे जाड टायपात आहेत. साताऱ्यात रेव्हरंड ना. वा. टिळक. वाईत मिशन हॉस्पिटल. पाचगणीत कॉन्व्हेंट. महाबळेश्वरात साहेबाची चर्चे.

आणि मेढ्यात?

मेढ्यात गाडी दहा मिनिटे थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर चहा पितात. केळघरच्या घाटात दरड आली की तेवढीही थांबत नाही.

गोरे मिशनरी उन्हाळ्यात महाबळेश्वरला चढायचे, ते समजू शकते. देश त्यांना सोसत नव्हता. पण आपली माणसे? ‘आत्मिक जागृती शिबिर’ म्हटले की स्थळ पाचगणी. तरुणांची छावणी, पाचगणी. पाळक-परिषद, पुन्हा पाचगणी. जागृती चार हजार फुटांच्या वरच का होते? खाली मेढ्यात पवित्र आत्म्याला रेंज मिळत नाही काय?

शिबिराच्या गाड्या आमच्या रस्त्याने गेल्या तर काचा बंद असतात. आत कोरस चाललेला असतो. बाहेर ऐकू येत नाही.

स्टँडवर मात्र एक माणूस उतरतो. प्रत्येक तालुक्यात असा एखादा असतोच, म्हणून नाव सांगत नाही. लोक त्याला पाळक म्हणत नाहीत, प्रचारक म्हणतात. खांद्याला पिशवी. पिशवीत बायबल, उपासना-संगीत, साखरेच्या गोळ्या आणि तहसील कचेरीचे दोन फॉर्म. साखरेच्या म्हणजे साखर उतरवण्याच्या. वाडीच्या गाडीला वेळ असतो, म्हणून आधी तो कचेरीत जातो. कुठल्या तरी म्हातारीचा श्रावणबाळचा अर्ज तिसऱ्यांदा परत आलेला असतो. मग दुपारच्या गाडीने वाडी. आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, एक गाणे, एक कप काळा चहा. परतीची गाडी चुकली तर वस्ती.

म्हातारी ख्रिस्ती असतेच असे नाही. तो विचारत नाही. फॉर्मवर तो रकाना नाही.

याची बातमी कधी वाचली? फोटोसुद्धा नाही. वाडीत फोटो काढणार कोण, म्हातारी?

पूर्वी त्याच्यासारख्या बायका असत, बायबलबाई म्हणत त्यांना. गावोगाव चालत जायच्या. अजूनही कुठे कुठे आहेत. मार्च २०२३ पासून त्यांना एसटीचे निम्मे तिकीट पडते. प्रवासभत्त्याचा जो विषय कमिटीपुढे कधी आलाच नाही, तो एसटीने परस्पर निकालात काढला.

प्रवासावरून टिळक आठवले. नारायण वामन टिळक, आमचे रेव्हरंड. ते ख्रिस्ताकडे वळले ते कोणत्या महासभेत? कोणत्याच नाही. १८९३च्या सुमाराला राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियनाशी गप्पा जमल्या. त्याने नव्या कराराची प्रत हातात दिली आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ना स्टेज, ना साउंड, ना बॅनर. एक बाक, दोन माणसे, एक पुस्तक.

आज डब्यात कोणी कोणाला असे पुस्तक दिले, तर पुढच्या स्टेशनावर त्याला उतरवून घ्यायला कोण उभे असेल, सांगता येत नाही.

याच टिळकांनी १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला. निवृत्तीला आलेला माणूस पेन्शनीचे कागद जमवतो; यांनी असलेले टाकून दिले. आणि आले कुठे? साताऱ्याला. तिथे त्यांनी मांडला ‘देवाचा दरबार’. ख्रिस्ताला मानणारा कोणीही या. बाप्तिस्मा घेतलेला या, न घेतलेलाही या.

न घेतलेलाही! मंडळीचे रजिस्टर सांभाळणाऱ्याने मग करायचे काय? वर्गणी कोणाकडून घ्यायची, मतदारयादीत कोणाला धरायचे, दफनाला जागा कोणाला द्यायची? टिळकांनी एका वाक्यात अख्खी कमिटी बेकार केली.

९ मे १९१९ला ते मुंबईत गेले. दरबार दोन वर्षांत आटोपला.

बाकीचे दरबार व्यवस्थित चालू आहेत.

त्या दरबारांची ओळख करून घ्यायची तर चर्चमध्ये जाऊ नका. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसा. ओळखीचे चेहरे दिसतील. ज्यांना तुम्ही ईस्टरनंतर वेदीजवळ पाहिले नाही, ते इथे तारखेला वेळेवर हजर. हातात फाइल, ओठांवर वचन. त्या फाइलीचे नाव चेंज रिपोर्ट.

चेंज रिपोर्ट हा मराठी ख्रिस्ती जीवनातला सातवा संस्कार आहे की आठवा, यावर विद्वानांनी वाद घालावा. विषय एरवी सोपा. ट्रस्टी बदलले की ९० दिवसांत तसे कळवायचे. १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, कलम २२. साधा कारकुनी अर्ज. पण आमच्याकडे ट्रस्टी बदलतात ते एकाच रविवारी दोन ठिकाणी. एक सभा चर्चमध्ये, एक सभा चर्चच्या कुलपाबाहेर. दोन्ही सभांचा कोरम पूर्ण. दोन्ही सभा प्रार्थनेने सुरू. मग दोन चेंज रिपोर्ट, दोन हरकती, दोन वकील. मंडळी एक, अध्यक्ष दोन, सचिव दोन, शिक्के दोन.

देव एकच आहे. म्हणून तेवढा एक वाद टळला.

निकाल लागेपर्यंत ज्यांच्यासाठी भांडण होते त्या ट्रस्टींचीच मुदत संपते. कधी कधी ट्रस्टीच संपतात. मग नवे ट्रस्टी, नवा चेंज रिपोर्ट. पुनरुत्थानावर विश्वास असाच बळकट होतो.

भांडण कशाचे? शिकवणीचे? प्रभुभोजनात भाकर कोणती असावी याचे? छे. भांडण सातबाऱ्याचे. मिशनऱ्यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गावाबाहेर जागा घेतल्या. गावाने त्यांना गावात घेतले नाही, म्हणून. मग गाव वाढले. गावाबाहेरची जागा गावाच्या मधोमध आली, स्टँडशेजारी, मोक्याची. ज्या जमिनीवर पूर्वी कोणी पाऊल ठेवायला तयार नव्हते, तिथे आता पाय काढायला कोणी तयार नाही.

विकायची तर कलम ३६खाली आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. म्हणून विकत नाहीत. ‘विकसित’ करतात. तळमजल्यावर गाळे, वरती प्रार्थनागृह. देवाला जिना चढायला लावतात.

एकीचे बोलायचे तर तीही झाली. २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर. सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. मोठा दिवस. डोळ्यांत पाणी आले असेल लोकांच्या. पुढे मिळकतींची प्रकरणे कोर्टात गेली आणि गुजरातमधल्या एका दाव्यात २०१३ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले : चर्चचे विलीनीकरण झाले म्हणून ट्रस्टची मिळकत आपोआप विलीन होत नाही.

म्हणजे सहा जण एक झाले. प्रार्थनेत झाले. प्रॉपर्टी कार्डावर नाही.

आणि किती आहोत आपण? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार. शंभरात एक पुरा नाही. त्या एकातही कॅथलिक वेगळे, सीएनआय वेगळे, मेथडिस्ट वेगळे, पेंटेकोस्टल वेगळे, आणि ज्याने गेल्या महिन्यात पत्र्याच्या शेडवर ‘इंटरनॅशनल मिनिस्ट्रीज’चा बोर्ड लावला तो सर्वांपेक्षा वेगळा. शेडला दार एक. इंटरनॅशनल कसे? यूट्यूब आहे ना.

त्या शेडवाल्याला मी फार टोचणार नाही. त्याच्याकडे लोक जातात. का जातात? तो रात्री साडेअकराला फोन उचलतो. आमच्या जुन्या दगडी चर्चमध्ये फोन उचलणारे नाहीत, फोन नंबरवरून भांडणारे दोन आहेत.

आता म्हणाल, चर्चची बातमी म्हणजे अशीच असायची. सत्कार, निवडणूक, निधन. नाही हो. आपल्याकडे याहून बरे होऊन गेले आहे.

जून १८४२. अहमदनगर. अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केला. मिशनचेच पत्र, मिशनच्याच पैशांवर. धर्मप्रचार होताच, लपवलेला नव्हता. पण शेजारी ज्ञान-विज्ञान होते, रूढींवरचे वाद होते, वाचकांची खडाजंगी होती. आणि १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच पत्राने दोन हप्त्यांत एक निबंध छापला. लिहिणारी फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी, मुक्ता साळवे. विषय मांग-महारांचे दुःख. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. वर्गणीदार असण्याची शक्यता नाही. सत्काराला बोलावण्यासारखी तर नव्हतीच. आम्हांला कोणता धर्म, असा प्रश्न ती विचारत होती आणि एका धर्माचे मुखपत्र तो छापत होते.

आज एखाद्या चौदा वर्षांच्या पोरीने असे पान मंडळीच्या पत्रिकेसाठी दिले, तर? संपादक आधी विचारतील, कोणाची मुलगी. मग विचारतील, वडील कोणत्या गटात.

दुसरे उदाहरण घरचेच. मिशनच्या कामाची सर्वांत खरी बातमी कोणी दिली? वार्षिक अहवालांनी? ते अहवाल आज संशोधकांखेरीज कोण उघडतो? ती दिली लक्ष्मीबाई टिळकांनी. शाळेत न गेलेल्या बाईने. ‘स्मृतिचित्रे’ उघडा. मिशनचे बंगले, पोरांचे लोंढे, रिकामे डबे, नवऱ्याचे हट्ट, नवऱ्याचे काव्य, सगळे आहे. स्वतःची फजिती आहे. फक्त ‘आशीर्वादित सभा पार पडली’ तेवढे नाही. म्हणून नव्वद वर्षांनंतरही लोक वाचतात.

पंडिता रमाबाईंचे सांगू? केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका खिळे जुळवायच्या आणि बाई बायबलाचे भाषांतर सोप्या मराठीत करायच्या. बायांना कळेल अशा मराठीत. काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. विमोचन सोहळ्याला थांबल्या नाहीत.

खाली सांगलीकडे चला. डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ला आले, सांगलीत छोटा दवाखाना काढला, मग मिरजेत १८९४ला हॉस्पिटल उभे केले. मिरज हे वैद्यकीचे गाव झाले ते तिथून. आमच्या डोंगरातली माणसेसुद्धा पेशंट घेऊन ‘मिशनला’ जायची. मिरजेला नव्हे, मिशनला. गावाचे नाव मागे पडले, कामाचे पुढे आले. वाईलाही तसेच. खाटेवर नाहीतर बैलगाडीत घालून आणलेल्या माणसाला कोणी बायबलातले वचन विचारले नसेल, कुठे दुखते ते विचारले असेल.

तेव्हाची मंडळी लहान होती आणि तिचे दवाखाने मोठे होते. आताचे प्रमाण ज्याने त्याने आपापल्या गावात तपासावे.

हे झाले आमच्या बातम्यांचे. आमच्याविषयी बाहेरच्यांच्या बातम्या त्याहून भारी. वर्षभर मराठी वर्तमानपत्रात ख्रिस्ती माणूस दोनदाच दिसतो. २५ डिसेंबरला, लाल टोपीत. आणि एरवी, ‘धर्मांतराचा प्रकार उधळला’ या मथळ्याखाली.

लाल टोपी आमची नाही, हे सांगून थकलो. दुसऱ्या मथळ्याबद्दल काय सांगणार? २०२५च्या जूनमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका सभेत जतच्या आमदारांनी धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना ठोकणाऱ्यासाठी लाखांची बक्षिसे जाहीर केली. पहिल्याला किती, दुसऱ्याला किती, असा दरपत्रकासह हिशेब. निमित्त एका तरुण सुनेच्या आत्महत्येचे होते. ती घटना भीषणच. तिचा तपास पोलिसांनी करायचा, शिक्षा कोर्टाने द्यायची. बक्षीस कोण देते? कुस्तीच्या फडात देतात.

पुढे ११ जुलैला मुंबईत आझाद मैदानावर मोर्चा झाला. तिथे मात्र कॅथलिक, प्रोटेस्टंट, शेडवाले, दगडी चर्चवाले सगळे एका रांगेत उभे. नागपूरला जे कागदावर झाले, ते इथे उन्हापावसात झाले.

परत आले आणि चेंज रिपोर्टच्या तारखेला लागले.

आमचा तो प्रचारक त्या महिन्यात काय करत होता? वाडीला जात होता. पिशवीतले बायबल त्याने तेवढे वर्तमानपत्रात गुंडाळले होते. कोणत्या वर्तमानपत्रात, ते नका विचारू. मथळा तोच होता.

धर्मांतर, धर्मांतर म्हणून जे ओरडतात त्यांनी एकदा मंडळीचे रजिस्टर आणि सरकारचे रजिस्टर शेजारी ठेवून पाहावे. १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना. १९५६ला शीख आत आले, १९९०ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. २०२२च्या ऑक्टोबरात केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला, दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदतवाढ.

बाप्तिस्म्याने माणूस आतून बदलतो की नाही, यावर धर्मपंडितांचे एकमत नाही. बाप्तिस्म्याने जात मात्र त्याच क्षणी जाते, यावर सरकारला तिळमात्र शंका नाही.

सरकारने कधी आमच्यात लग्न जमवायला बसून पाहावे. तिसऱ्या प्रश्नाला जात बाहेर येते. ‘मूळचे कुठले?’ असा तो प्रश्न असतो. गावाचे नाव ऐकायचे असते असे समजू नका.

सवलत जाऊ नये म्हणून दाखल्यावर एक नाव, दारावर एक. शाळेत रामचंद्र, मंडळीत रूबेन. लोक याला लबाडी म्हणतात. पोराच्या फीचा आकडा बघितला की मला ती हुशारीसुद्धा वाटत नाही. नाइलाज वाटतो.

आणि शेवटी येतो तो प्रश्न, जो कुठल्याच अजेंड्यावर नसतो आणि प्रत्येकाच्या घरी येतो. मेल्यावर कुठे?

जिल्ह्याच्या गावी दफनभूमी आहे. तालुक्याच्या गावी असेलच असे नाही, आणि वाडीत तर नावच काढू नका. वाडीतल्या चार घरांपैकी एकाकडे कोणी गेले की पहिला फोन पाळकाला, दुसरा सरपंचाला. पाळक म्हणतात, आणा. कशातून? सरपंच म्हणतात, बघू. कधी? पावसात तर विचारूच नका, भाताच्या खाचरात खड्डा पाण्याने भरतो. अशा वेळी वाडीतली बाकीची माणसे, ज्यांच्या भीतीच्या बातम्या आपण वाचतो तीच माणसे, फावडी-टिकाव घेऊन येतात. कोणाच्या तरी बांधाला, उंचवट्याला जागा निघते. प्रचारक दोन वचने वाचतो. माळकरी म्हातारा हात जोडून उभा असतो. माती तोही टाकतो.

ही बातमी कोणत्याही पत्रात येत नाही. आमच्या पत्रिकेत येते ती ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ म्हणून चौकटीत, फोटोसह. चौकटीचा दर वेगळा.

टिळकांनी यावरही उपाय काढला होता. दफन नको, दहन करा, असे सांगून गेले. तसेच झाले. अस्थी तेवढ्या नगरला नेल्या. १९१९ साली ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला माणूस ख्रिस्ती राहूनच चितेवर गेला, आणि आभाळ पडले नाही. शंभर वर्षे उलटली. आमच्या कमिटीत दहनाचा विषय काढून बघा. तुमच्याविरुद्ध वेगळा चेंज रिपोर्ट दाखल होईल.

परवा एका मंडळीच्या वर्धापनदिनाची निमंत्रणपत्रिका घरी आली. कागद जाड, कडा सोनेरी. आत नावे एकोणीस. अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, सन्माननीय उपस्थिती, निमंत्रक, विनीत. वचन एक, तेही घडीत गेलेले. मी खालपासून वरपर्यंत दोनदा वाचले. मग पत्रिका घेऊन आलेल्या तरुणाला विचारले, “बाळा, वाड्यांवर फिरतात ते आपले काका, त्यांचं नाव दिसत नाही कुठे?”

त्याने पत्रिका हातात घेतली, उलटसुलट केली. त्याला नवल वाटलेले दिसले नाही.

“त्यांचं कशाला टाकायचं?” तो म्हणाला. “ते तर असतातच.”